रोचिशिनची फळी: कोरीवकामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

फळी घेतली. यामाझाकुरा, म्हणजे डोंगरी चेरीचं लाकूड. इथले जुने कोरक्ये हेच वापरायचे, कारण ते कठीण असतं आणि त्याचा रेशा इतका दाट की बारीक रेषही टिकते. नुसती हातात धरली तरी आपल्याकडच्या शिसवी पाटाची आठवण येते. किंमत नवऱ्याला सांगितलेली नाही.

टोकियोत असाकुसाजवळ लाकडी फळ्या कोरून चित्रं छापायला शिकवतात, त्या शनिवारच्या वर्गात माझं हे तिसरं वर्ष. आतापर्यंत बांबूची पानं, एक किटली आणि एक बेडूक एवढं झालं. या वर्षी काय करणार, असं सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, विचारलं तेव्हा झेरॉक्स पुढे केली: एकोणिसाव्या शतकातला छापचित्रकार उतागावा कुनियोशी याचा काओशो रोचिशिन. त्यांनी चष्मा वर केला, कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "किटलीनंतर हा?"

पूर्ण चित्र मला झेपणार नाही हे मलाही कळतं. मूळ कागद ओबान आकाराचा, साधारण ३८ बाय २६ सेंमी. मी त्यातला डोकं, एक दंड, लोखंडी दांडक्याचा थोडा भाग आणि फुटलेलं पाइनचं खोड एवढाच तुकडा घेणार. फळ्या पाच: एक रेषांची आणि चार रंगांच्या. रंगांना स्वस्तातलं शिना प्लाय चालेल, चेरी फक्त रेषांना.

पुढे विसरायला नको म्हणून हा माणूस कोण ते इथेच लिहून ठेवते. 'सुइकोदेन' ही मूळ चिनी कादंबरी, ल्यांगशानच्या दलदलीत जमलेल्या १०८ बंडखोरांची. रोचिशिनचं चिनी नाव लू झीशेन. आधी फौजेत अधिकारी. एका गाणाऱ्या मुलीला छळणाऱ्या खाटकाला अद्दल घडवायला गेला आणि तीन बुक्क्यांत त्याचा जीवच घेतला. मग पळापळ, आणि लपायला जागा म्हणून बौद्ध मठात जाऊन भिक्षू झाला. दारू सुटली नाही, मारामारीही सुटली नाही. अंगावर फुलांचं गोंदण, म्हणून नाव 'काओशो', फुलांचा भिक्षू. चित्रात तो दांडक्याच्या एका तडाख्यात पाइन फोडतोय. त्याचा मित्र लिन चोंग याला शिक्षेच्या जागी नेणारे दोन शिपाई वाटेतच मारायला निघाले होते. याने मित्राला वाचवलं, बरेच दिवस सोबत चालला, आणि निरोप घेताना तुमची डोकी या झाडापेक्षा टणक आहेत का, असं विचारून त्यांच्यादेखत झाड फोडून दाखवलं.

१३ जानेवारी

रेखाटन पातळ कागदावर उतरवून फळीवर उपडं चिकटवलं. याला हानशिता म्हणतात. खळ तळहाताने पसरायची, कागद हलक्या हाताने बसवायचा, वाळला की बोटाने चोळून मागचा थर काढायचा. उरतो तो कांद्याच्या पापुद्र्याएवढा कागद, त्यातून रेषा उलट्या दिसतात. तेलाचा एक हात फिरवला की आणखी स्पष्ट.

म्हणजे चित्रकाराने स्वतः काढलेला कागद कोरताना सुरीखाली संपून जातो. कुनियोशीच्या हातची रेष म्हणून आपण जी बघतो ती दुसऱ्याच कुणीतरी लाकडात कोरलेली असते. हे मला दोन वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कळलं आज. माझं स्वतःचं रेखाटन, आठ संध्याकाळी बसून केलेलं, बोटाने चोळताना लेंड्या होऊन गळत होतं.

उजव्या कोपऱ्यात घाईने चोळलं आणि दांडक्याची दोन सेंमी रेष कागदासकट निघाली. पेन्सिलने परत काढली.

२० जानेवारी

झाडापासून सुरुवात. सेन्सेईंचा नियम असा की हात तापेपर्यंत माणसाच्या चेहऱ्याजवळ जायचं नाही. एदो काळातल्या, म्हणजे टोकियोला एदो म्हणायचे तेव्हाच्या, कारखान्यांत कामाची वाटणीच तशी असायची. चेहरा आणि केस मुख्य कोरक्याकडे, कपडे, झाडं, अक्षरं वगैरे हाताखालच्या पोरांकडे.

सुरी मुठीत धरून स्वतःकडे ओढायची, डाव्या हाताच्या बोटांनी पातं आवरायचं. रेषेच्या दोन्ही अंगांना तिरका काप. वर अरुंद, खाली रुंद, म्हणजे शेताच्या बांधासारखी. उभा काप दिला तर दहा छाप्यांत रेष खचते. मग पलीकडून दुसरा काप आणि मधलं लाकूड पटाशीने बाहेर. मोठ्या मोकळ्या जागांना हातोडी.

पाइनची साल कोरायला मजा आली. खडबडीत असल्यामुळे चुका पचतात. चार तासांत फक्त तळहाताएवढा भाग झाला.

२७ जानेवारी

धार. आख्खा वर्ग धार लावण्यात गेला. लिहिण्यासारखं काही नाही.

३ फेब्रुवारी

वर्गाला सुट्टी होती म्हणून जिंबोचोला गेले. जुन्या पुस्तकांच्या गल्लीत छापचित्रांचीही दुकानं आहेत. एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे याच मालिकेतलं एक पान होतं, माझा रोचिशिन नव्हे, दुसरा वीर. घेणार नाही हे त्याला माझ्याकडे बघूनच कळलं असावं, तरी त्याने ते काढून दाखवलं.

मालिकेचं नाव लांबलचक: 'त्सूझोकु सुइकोदेन गोकेत्सु ह्याकुहाचिनिन नो हितोरि', म्हणजे लोकप्रिय सुइकोदेनातल्या १०८ वीरांपैकी एक. १८२७च्या सुमारास निघायला लागली, प्रकाशक कागाया किचिएमोन. १०८ पूर्ण झाले नाहीत, सत्तरच्या वर झाले. सही 'इचियूसाई कुनियोशी'. शेजारी छोटा गोल शिक्का, 'किवामे', म्हणजे सरकारी तपासणी झाली. १७९१ ते १८४२ या काळातल्या छापचित्रांवर हा शिक्का सापडतो.

दुकानदाराने पान उलटं केलं आणि मी चाटच पडले. मागच्या बाजूला रंग पार झिरपलेला, त्यात घोटण्याच्या गोल गोल खुणा. छापणाऱ्याचा हात कुठून कुठे फिरला ते दोनशे वर्षांनी दिसत होतं. पुढून चित्र बघायचं आणि मागून काम. तेवढ्यासाठी तरी संग्रहालयांनी एखादं चित्र उलटं टांगावं.

त्या पानावर चित्रकाराची सही होती, प्रकाशकाची खूण होती. कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव नव्हतं. त्या काळात बहुतेक वेळा नसायचंच.

१७ फेब्रुवारी

दाढी.

माझ्या रेखाटनात रोचिशिनच्या गालावर दाढीचे खुंट आहेत. कादंबरीत मठात त्याचं मुंडण होतं तेव्हा न्हावी दाढीपर्यंत येतो आणि हा म्हणतो, एवढी तरी राहू द्या. सगळे हसतात, महंत ऐकत नाहीत. महंतांचं म्हणणं खरोखर शेवटपर्यंत टिकलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते.

केस कोरण्याला इथे वेगळं नाव आहे, केवारी, म्हणजे केस चिरणं. आधी जाड पट्टी ठेवायची, मग ती मधून चिरायची, मग त्या दोघी पुन्हा चिरायच्या. मुख्य कोरक्याची परीक्षा इथेच व्हायची. लाकडाचा रेशा आडवा आणि केस तिरका असला की प्रत्येक कापाला धाकधूक. एका खुंटाच्या जागी माझे दोन निघतात, दुसऱ्या ठिकाणी एकही नाही. भिंग लावून दीड तासात चौदा खुंट. त्यातले नऊ बरे.

मधल्या चहाला सेन्सेईंनी विचारलं, "दंडावरचं होरिमोनो कधी?" मला वाटलं ते कोरण्याबद्दल विचारतायत. ते गोंदणाबद्दल विचारत होते. जपानीत दोन्हीला एकच धातू, होरु. लाकूड कोरणारा होरिशि आणि अंगावर गोंदणाराही होरिशि. गोंदणारे तर आपल्या नावाच्या सुरुवातीलाच 'होरि' लावतात. आपल्याकडे गोंदणं आणि कोरणं हे शब्द एकमेकांच्या वाटेलाही जात नाहीत.

२४ फेब्रुवारी

दंडावरच्या फुलांना हात घातला आणि लगेच तोंडावर आपटले.

अडचण अशी की माणसाच्या अंगावर गोंदताना सुई रेषेवरच चालते. फळीवर उलटं. पाकळीची रेष तशीच ठेवायची आणि तिच्या आजूबाजूची कातडी खणून काढायची. म्हणजे रोचिशिनचा पिळदार दंड मी ढलप्या ढलप्यांनी फेकून देतेय आणि त्याच्यावरचं गोंदण तेवढं शिल्लक ठेवतेय. शब्द एकच असला तरी हातांची कामं नेमकी उलट. हे सेन्सेईंना सांगायचा प्रयत्न केला, माझ्या जपानीत ते फारच तत्त्वज्ञानी झालं. ते म्हणाले, "हो, म्हणून हळू."

हळू नव्हतेच. तिसऱ्या फुलाची पाकळी कच्चकन गेली. तीन मिलिमीटर रेष ढलपीबरोबर उडाली आणि ढलपी टेबलाखाली.

७ मार्च

रात्री साडेअकरा. गेलेली पाकळी परत बसवली. या दुरुस्तीला उमेकी म्हणतात. तुटलेल्या जागी छोटा चौकोनी खड्डा करायचा, त्याच लाकडाची, त्याच रेशाची पाचर सरस लावून ठोकायची, वरून सपाट तासायची आणि पुन्हा कोरायची. छापाईनंतर एखादा शब्द किंवा नाव बदलायचं असलं तरी हेच करायचे. पाचर रेशाच्या दिशेने बसली पाहिजे, नाहीतर ओल लागली की ती वेगळी फुगते. माझी पहिली पाचर आडवी बसली होती. काढली, परत केली.

१० मार्च, रविवार

वर्गाचा दिवस नाही. सुमिदा नदी ओलांडून मुकोजिमाला मिमेगुरी मंदिरात गेले. कुनियोशीच्या शिष्यांनी उभारलेली त्याची स्मृतिशिळा तिथे आहे. अक्षरं वाचता आली नाहीत. पण दगडावरही कोरीवकामच, आणि ते छान आहे.

कुनियोशी १७९८चा, इथल्याच निहोनबाशीतल्या रेशीम रंगवणाऱ्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी उतागावा तोयोकुनीच्या हाताखाली. नंतर कितीतरी वर्षं काम नाही, पैसा नाही. पोटासाठी तातामी चटया दुरुस्त करायचा असं सांगतात. तिशीत आला आणि हे सुइकोदेनचे वीर निघाले. त्यानंतर लोक त्याला 'मुशा-ए नो कुनियोशी', योद्ध्यांच्या चित्रांचा कुनियोशी, म्हणायला लागले. १८६१मध्ये गेला.

वीरांच्या अंगावरच्या गोंदणाचं श्रेय किंवा खापर त्याच्यावरच जातं. कादंबरीत गोंदलेले वीर मोजकेच आहेत. कुनियोशीने आणखी बऱ्याच जणांच्या पाठीवर ड्रॅगन, वाघ, फुलं चढवली. एदोतले आग विझवणारे, पालखीवाले, हमाल ही चित्रं बघून तशी गोंदणं करून घ्यायला लागले. छापचित्राची किंमत साधारण वाटीभर सोबा नूडल्सएवढी, त्यामुळे नमुना कुणालाही परवडायचा. एकीकडे १७२० पासून सरकार चोरांच्या हातावर शिक्षा म्हणून पट्टे गोंदत होतं, त्याला इरेझुमी म्हणत, शाई भरणं. तेव्हा हौसेने करून घेतलेल्या गोंदणाला वेगळा, मानाचा शब्द लागला: होरिमोनो, कोरलेली वस्तू. पुढे १८७२मध्ये मेइजी सरकारने गोंदणावर सरसकट बंदी आणली, ती १९४८पर्यंत होती.

येताना नदीकाठी बाकावर बसून ओनिगिरी खाल्ली. गार वारा. एक मांजर येऊन बसलं. कुनियोशी मांजरवेडा होता, तेव्हा मी ते शुभ मानलं.

३० मार्च

रेषांची फळी पूर्ण. बारा आठवडे, एका मूठभर माणसासाठी.

तिच्यावरून रंगांच्या फळ्यांसाठी पातळ कागदावर छाप काढले. प्रत्येक छापावर एकेका रंगाची जागा लाल पेन्सिलने भरायची आणि तो कागद नव्या फळीवर चिकटवून कोरायचा. सगळा खेळ केंतोचा: उजव्या कोपऱ्यात काटकोनी खाच, डावीकडे खालच्या कडेला सरळ खाच. कागद दर वेळी त्या दोन खाचांत टेकवला की पाचही रंग एकावर एक बसतात. १७६५च्या सुमारास भरगच्च रंगांची छापचित्रं निघायला लागली ती या दोन खाचांच्या भरवशावर.

माझ्या लाल फळीवर फुलं एक मिलिमीटर बाहेर सरकली आहेत. कारण सापडलं. मी खळ फळीऐवजी कागदाला लावली, तो ओला होऊन ताणला आणि ताणलेलाच चिकटला. परत कोरायची.

आई काल साताऱ्याहून आली. विमानात झोप नाही, पण आल्या आल्या फळी बघितली. "उलटाच हाय की गं ह्यो."

७ एप्रिल, रविवार

चेरी ऐन बहरात. काल आईला घेऊन नदीकाठी फिरून आलो. तिचे पाय दुखले, म्हणून आज एका मोठ्या स्नानगृहात गेलो, गरम पाण्याची टाकी, विश्रांतीची जागा वगैरे असलेलं. दारातच पाटी: अंगावर गोंदण असलेल्यांना प्रवेश नाही. मी ती पाटी पन्नासदा वाचली असेन. आईच्या उजव्या हातावर तुळशीवृंदावन आहे आणि हनुवटीवर तीन ठिपके, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. आईचा हात म्हणजे आईचा हात, त्याच्यावर काही 'आहे' असं मला कधी वाटलंच नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीने पाहिलं, ती गोंधळली, आत जाऊन कुणाला तरी विचारून आली आणि दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, कातडीच्या रंगाची चिकटपट्टी दिली. तेवढं झाकलं तर चालेल म्हणाली. हनुवटीवरचे ठिपके तिने तीळ समजून सोडून दिले असावेत.

"हे कशापायी?" आईने विचारलं.

"इथे गोंदलेली माणसं म्हणजे गुंड समजतात, आई."

आईने हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुळस हाय ती." एवढं बोलून पट्टी लावून घेतली. टाकीत बसल्यावर पाण्याने पट्टीचा कोपरा सुटला, तो ती सारखा अंगठ्याने दाबत होती. ती सहा-सात वर्षांची असताना गावच्या जत्रेत तिच्या आजीने गोंदवून घेतलं होतं. दोन बायकांनी धरून ठेवलं होतं म्हणे. बाकीचे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं वर सोबत येतं, असं आजी सांगायची.

घरी आल्यावर तिला रोचिशिनची गोष्ट सांगितली. खाटकाचा भाग तिला फारच आवडला. "तीनच बुक्क्या?" मग थोड्या वेळाने, "आन् मग साधू झाला व्हय. लबाड."

१४ एप्रिल

हानशिताच्या पातळ कागदाचा तुकडा आईच्या हातावर ठेवून तुळस पेन्सिलने उतरवून घेतली. सहज. कागदावर तारीख घातली. ती शुक्रवारी परत जाणार.

११ मे

छापायला सुरुवात. कागद काल रात्री ओला करून ओल्या टिपकागदांत दाबून ठेवला होता. कोझो झाडाच्या सालीचा कागद, सरस आणि तुरटीचा हात दिलेला, म्हणजे रंग फुटत नाही.

क्रम: आधी रेषा, मग फिकट रंग, मग गडद. फळीवर रंग, त्यात टिंबाएवढी खळ, ब्रशने एकसारखं. कागद केंतोत टेकवायचा आणि पाठीवरून बारेन फिरवायचा. बारेन म्हणजे थाळीसारखा गोल घोटा, आत बांबूच्या सालीचा पीळ घातलेल्या दोरीची गुंडाळी, वरून बांबूचीच साल. मनगटाने घोटायचं नाही, खांद्याने.

पहिले चार गेले. कागद जास्त ओला, रेषा पसरल्या, दाढीच्या चौदा खुंटांचा एक डाग. पाचव्याला कातडीच्या रंगात बारीक पांढरे ठिपके. सेन्सेई म्हणाले, गोमा-झुरी, तिळाची छपाई. खळ कमी पडली की असं होतं. रोचिशिनच्या कपाळावर, गालावर, दंडावर सगळीकडे तीळ.

बारेनच्या सालीला तेल लावायला विसरले होते, ती दुपारी फाटली. साल बांधण्यात उरलेला दिवस.

१८ मे

आभाळाचा करडा रंग, वर गडद, खाली विरत जाणारा. याला बोकाशी म्हणतात. फळीवर त्यासाठी काहीच कोरलेलं नसतं. प्रत्येक कागदासाठी रंग आणि पाणी ब्रशने नव्याने उतरवायचं. त्यामुळे प्रत्येक कागदावर आभाळ वेगळं. जुन्या चित्रांत ते शेकडो प्रतींवर जवळजवळ सारखं येतं. पहिली खेप साधारण २०० प्रतींची असायची. मला बारा काढताना घाम फुटला.

१ जून

बारा प्रती वाळल्या. मी त्या भिंतीला ओळीने लावल्या.

सेन्सेई बराच वेळ बघत होते. सातवी काढली आणि टेबलावर ठेवली. मला तिसरी आवडली होती, तिथे लाल रंग नेमका बसलाय. त्यांनी सातवी उलटी केली. मागे बारेनच्या खुणा दाट, एकसारख्या. "इथे तू घाबरलेली नाहीस," म्हणाले. तिसरीची पाठ त्यांनी दाखवली नाही, मीच पाहिली. एका कोपऱ्यात घोटाच नव्हता.

उमेकीची पाकळी ओळखा म्हटलं तर त्यांना सापडायला वेळ लागला. सापडली मात्र. ओलीने पाचर केसभर वर आली आहे, तिथे रेष जरा जाड उमटते.

८ जून

आईला व्हिडिओ कॉलवर सातवी प्रत दाखवली. "आता सुलटा झाला," म्हणाली. मग फुलांकडे बोट. "एवढं गोंदवताना हा रडला आसंल का?" कादंबरीत तसं काही नाही, असं सांगितलं.

टेबल आवरताना १४ एप्रिलचा कागद सापडला. आईच्या हातावर साठ-पासष्ट वर्षांत तुळशीच्या रेषा पसरल्या आहेत, काही एकमेकींत मिसळल्या आहेत. मी पेन्सिलने उतरवताना त्या पसरट कडांवरूनच गेले होते, त्यामुळे कागदावर बारीक रेष कुठेच नाही, सगळ्या बांधासारख्या जाड. सेन्सेईंना दाखवलं. बारीक करून कोरू का, जत्रेत पहिल्या दिवशी असेल तशी?

"हात कसा आहे?" त्यांनी विचारलं.

जाड रेषा कोरायला सोप्या जातात. वृंदावन सात सेंमी उंच, पाच रुंद. शिना प्लायचा उरलेला तुकडा नऊ बाय बारा. पुरेल.